श्याम घाबरतो तेव्हा वर्गात काय विचारायचे? मराठी पाठ्यपुस्तके घडवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी भाषेची शालेय पाठ्यपुस्तके सिद्ध करणाऱ्या समित्यांचे सदस्य, संपादक, स्वाध्याय लिहिणारे शिक्षक आणि चित्रकार यांस,

सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातली पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने नव्याने लिहिली जात आहेत. 2025 मध्ये पहिलीचे पुस्तक बदलले, बाकीच्या इयत्तांचे काम पुढे चालू राहील. एकदा पुस्तक छापले की ते कित्येक वर्षे लाखो मुलांच्या दप्तरात राहते. म्हणून जे सांगायचे ते आत्ताच सांगितलेले बरे. आम्ही मराठी शिकवणारी आणि मराठी पुस्तकांचे संपादन करणारी माणसे आहोत, आणि पाठ्यपुस्तकातला पुरुष हा आमच्या पत्राचा विषय आहे.

पुस्तकातल्या मुली आणि बायका कशा दिसतात यावर पुष्कळ बोलले गेले आहे, त्याचा उपयोगही झाला आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील एकत्र बसून भाजी निवडताना दिसले, तेव्हा त्याची बातमी झाली आणि बहुतेकांनी कौतुक केले. आम्हांलाही ते पाऊल मोलाचे वाटते. पण एका चित्राची बातमी व्हावी, यातच बाकीच्या पानांवरचा पुरुष कसा असतो ते कळते. तो लढतो, शोध लावतो, नांगरतो, उपदेश करतो, रागावतो, हुतात्मा होतो. तो घाबरत नाही, लाजत नाही, त्याला कुणी जवळ घेत नाही आणि तोही आजारी मुलाच्या उशाशी रात्रभर बसत नाही.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे 'स्त्री-पुरुष समानता' असा एखादा पाठ घालणे. तो फसतो. वीसेक पाठांच्या पुस्तकात एकोणीस पाठ जुन्या वळणाचे आणि एक समानतेचा असेल, तर मुले त्याला परीक्षेचा विषय म्हणून ओळखतात. अपेक्षित उत्तर कोणते ते त्यांना पहिल्या वाचनातच कळते. ते लिहून मोकळी होतात आणि मधल्या सुट्टीत रडणाऱ्या मुलाला 'बायल्या' म्हणतात. दुसरे असे की, असे पाठ बहुधा मुद्दाम लिहून घेतलेले असतात. त्यांतल्या बाबांना स्वभाव नसतो, फक्त कर्तव्य असते.

आमचे म्हणणे वेगळे आहे. नवा पुरुष कुठून आणायची गरज नाही, मराठी साहित्यात तो सातशे वर्षे आहे. तो हरवतो तीन ठिकाणी: वेचा कापताना, चित्रसूचना लिहिताना आणि स्वाध्याय तयार करताना. यातले तिसरे ठिकाण सर्वांत महत्त्वाचे, कारण मूल पाठ एकदा वाचते पण स्वाध्यायाची उत्तरे घोकते.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चेच उदाहरण घेऊ. हे पुस्तक 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. त्याची रचना आपण सगळे जाणतो: मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो, सांगता सांगता त्याचा कंठ दाटतो, आणि ऐकणारे त्याची थट्टा करत नाहीत. एक प्रौढ पुरुष इतर पुरुषांसमोर रडतो आणि ते शांतपणे ऐकतात, एवढी साधी गोष्ट त्या पुस्तकाच्या पायाशी आहे. वेचा निवडताना हीच चौकट सर्वांत आधी कापली जाते, कारण शब्दमर्यादा असते आणि 'मुख्य प्रसंग' आई आणि लहान श्याम यांच्यात घडतो. उरतो तो आज्ञाधारक मुलगा आणि संस्कार करणारी आई. पाठाच्या वर जी प्रास्ताविकाची चौकट असते तिथे चाळीस-पन्नास शब्दांत कोण सांगतो आहे, कुणाला, आणि सांगताना त्याचे काय होते आहे एवढे लिहिले तरी हे नुकसान टळते. लेखक-परिचयात जन्मगाव, पुस्तकांची यादी आणि पुरस्कार देताना जी जागा जाते, तिच्यातून हे पन्नास शब्द सहज निघतात.

आता त्याच पुस्तकातले 'श्यामचे पोहणे' हे प्रकरण पाहा. पावसाळ्यात कोकणातल्या विहिरी तुडुंब भरतात, गावची मुले पोहायला शिकतात, श्यामला मात्र भीती वाटते. तो दडून बसतो. आई त्याला बाहेर काढते, मारते, पोहायला धाडते. तो पोहून येतो, भीती मोडते. मग आई त्याला जवळ घेऊन समजावते: लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हटलेले तिला सोसणार नव्हते. मुलग्याच्या धीटपणाचा समाज कसा हिशेब मागतो आणि तो हिशेब चुकता करायला माउलीसुद्धा हातात शिंपटी कशी घेते, याचे इतके नेमके चित्रण मराठीत क्वचित सापडेल. गुरुजींनी दोन्ही बाजू लिहिल्या आहेत, आईचा मारही आणि तिचे पोळलेले मनही.

या उताऱ्याखाली सवयीने येणारे प्रश्न असे: 'श्याम पोहायला का घाबरत होता?' 'आईने श्यामला धीट कसे बनवले?' 'या पाठातून तुम्हांला कोणता बोध मिळतो?' दुसऱ्या प्रश्नाकडे लक्ष द्या. माराने धीटपणा येतो हे त्यात गृहीत धरलेलेच आहे, मुलाने ते फक्त वाक्यात उतरवायचे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकांतून तयार मिळते आणि ते ठरावीकच असते. त्याऐवजी असे विचारता येईल:

'श्याम लपून बसतो तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल? पाठातल्या कोणत्या वाक्यावरून तसे वाटते?'

'श्यामची भीती कशाने गेली, माराने की पाण्यात उतरल्याने? पाठातून आधार द्या.'

'लोक श्यामला काय म्हणतील याची चिंता आईला का वाटते? श्यामच्या जागी त्याची बहीण असती तर तिला हीच चिंता वाटली असती का?'

'पाण्याला भिणाऱ्या मित्राला पोहायला शिकवायचे आहे. पहिल्या दिवशी काय कराल, दुसऱ्या दिवशी काय?'

यातला एकही प्रश्न समानतेचा धडा देत नाही. चारही प्रश्न मुलाला पुन्हा पाठाकडे पाठवतात. दहावीच्या कृतिपत्रिकेत गद्य उताऱ्यावरच्या सात गुणांपैकी तीन गुण स्वमताला असतात. त्या तीन गुणांची नमुना उत्तरे कशी लिहिली जातात यावर वर्गातली चर्चा अवलंबून राहते, म्हणून शिक्षक-हस्तपुस्तिकेत एकाच प्रश्नाची परस्परविरोधी दोन उत्तरे द्यावीत आणि दोघांनाही पूर्ण गुण मिळू शकतात असे स्पष्ट छापावे. 'आईने मारले ते बरोबर केले' असे म्हणणाऱ्या मुलालाही गुण मिळाले पाहिजेत, जर त्याने पाठातून आधार दिला असेल. नाहीतर मुले मनातले लिहिणार नाहीत, शिक्षकाच्या मनातले लिहितील.

इतिहासावरच्या पाठांबद्दल एक विनंती. शिवाजी महाराजांवरच्या पाठात तलवार, किल्ला आणि पराक्रम असतोच, आणि तो असावाच. पण चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेले पत्र मुलांना वाचायला मिळाले तर पराक्रम कशावर उभा असतो ते कळेल. पावसाळ्याची बेगमी म्हणून साठवलेले धान्य आणि वैरण भलतीकडे उधळली, तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेला छळाल आणि रयत म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. कुणी भलत्याच जागी चुली पेटवील, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा तेवत राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. राज्य करणारा माणूस उंदराने ओढलेल्या वातीपर्यंत विचार करतो आहे. घर चालवणारी कोणतीही बाई हे पत्र वाचून म्हणेल, हा माणूस संसार जाणतो. मर्दुमकीच्या नावाखाली जी बेफिकिरी मुलग्यांना शिकवली जाते, तिच्यावर या पत्राइतके खणखणीत उत्तर नाही. आठवी-नववीसाठी मूळ पत्रातला दीडशे शब्दांचा भाग, कठीण शब्दांचे अर्थ समासात, आणि खाली एक कृती: 'पत्रातले धोके एका बाजूला आणि ते टाळण्यासाठीची आज्ञा दुसऱ्या बाजूला लिहा.' मुले पत्रलेखनही शिकतील.

संतकवितेतही हेच होते. 'विठू माझा लेकुरवाळा' या जनाबाईच्या अभंगात देव मुलांच्या घोळक्यात चालतो आहे, 'निवृत्ती हा खांद्यावरी, सोपानाचा हात धरी'. अंगाखांद्यावर लेकरे घेतलेला पुरुष हा वारकऱ्यांचा देव आहे, आणि ज्ञानेश्वरांसारख्या पुरुषाला महाराष्ट्र माउली म्हणतो. पण स्वाध्यायात 'विठ्ठलाभोवती कोणकोण आहेत ते लिहा' एवढेच येते. विठ्ठल काय करतो आहे हे विचारा की. ताटीच्या अभंगांचेही तसेच. लोकांच्या बोलण्याने दुखावलेला थोरला भाऊ दार लावून बसला आहे आणि धाकटी बहीण बाहेरून समजावते आहे, 'विश्व रागें झालें वन्ही, संतें सुखें व्हावें पाणी'. यावर क्षमेची महती सांगणारे प्रश्न येतात, दार लावून घेणाऱ्या भावाच्या दुःखाबद्दल एकही नाही. किशोरवयातला मुलगा खोलीचे दार लावून बसतो तेव्हा त्याच्याशी कसे बोलावे, हे या कवितेइतके सोपे करून सांगणारा मजकूर आम्हांला ठाऊक नाही.

आता मोजणीबद्दल. प्रत्येक समिती 'आम्ही समतोल राखला आहे' असे म्हणते, आणि ते प्रामाणिकपणे म्हणते. पण समतोल डोक्यांची गणती करून ठरवला जातो: इतकी स्त्री-पात्रे, इतकी पुरुष-पात्रे. ही गणती फसवी आहे. निम्मी पात्रे स्त्रिया असतील आणि सगळ्या वाढत, भरवत, निरोप देत असतील, तरी आकडा समान येतो.

त्याऐवजी क्रियापदे मोजा. एका तक्त्यात पाच रकाने आखा: पान, पात्र, क्रिया, भावना, आणि भावनेनंतर कोण काय करते. शेवटचा रकाना सर्वांत बोलका ठरतो. मुलगा रडला की पुढच्या ओळीत कुणी हसते का, कुणी 'गप' म्हणते का, की कुणी शेजारी बसते? हे काम दोघांनी स्वतंत्रपणे करावे आणि पहिले तीन पाठ सरावासाठी एकत्र करावेत. नंतर दोघांच्या नोंदी ताडून पाहा. पाचातली एक नोंद जुळत नसेल तर नियम नीट ठरलेले नाहीत असे समजून पुन्हा सुरुवात करा. एका पुस्तकाला दोघांचे दोन दिवस पुरतात. गद्य, पद्य आणि चित्रे यांचे तक्ते वेगवेगळे ठेवा, नाहीतर कवितेतल्या चंद्र-सूर्यामुळे सगळी बेरीज बिघडते.

मराठीत आणखी एक अडचण येते, ती इंग्रजीत येत नाही. आपले क्रियापद लिंग सांगून टाकते. 'डॉक्टर तपासतो' म्हटले की डॉक्टर पुरुष झाला. आदरार्थी रूप वापरून 'डॉक्टर तपासतात' म्हटले तर वाक्य मोकळे राहते, पण मग शेजारचे चित्र निर्णय घेते. म्हणून वाक्य आणि चित्र एकाच माणसाने एकाच वेळी तपासले पाहिजे. मजकूर एका टेबलावर आणि चित्रे दुसऱ्या टेबलावर मंजूर होतात, तिथेच घोटाळा होतो.

पहिली-दुसरीच्या पुस्तकांत माणसांपेक्षा प्राणी जास्त असतात, तेही मोजा. आपल्याकडे वाघ, सिंह, हत्ती, कोल्हा पुल्लिंगी. चिमणी, मुंगी, खार स्त्रीलिंगी. बळ आणि कावा एका बाजूला, कष्ट आणि चिमुकलेपण दुसऱ्या बाजूला, असे भाषेनेच वाटून दिलेले आहे. मराठी मुलाला भेटणारी पहिली गोष्ट काऊ-चिऊची. चिऊ आत बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते. काऊ बाहेर पावसात भिजत दार वाजवतो. ती गोष्ट काढून टाका असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती गोड आहे आणि ती राहावी. तिच्या पुढच्या पानावर बाळाला निजवणारा कोल्हा किंवा पिलांना उन्हातून नेणारा हत्ती असला की झाले. ससा घाबरट, उंदीर भित्रा हे ठरलेले स्वभावही कधीतरी बदलून पाहावेत: घाबरलेला वाघ आणि त्याला न हसणारे जंगल.

चित्रकारांशी थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण त्यांना मिळणारी सूचना फार तोकडी असते. 'आई-बाबा भाजी निवडत आहेत' एवढेच लिहिलेले असेल तर पुष्कळदा असे चित्र येते: आई खाली बसलेली, हातात मेथीची जुडी, समोर परात, बाबा शेजारी खुर्चीवर, एक काडी हातात धरून कॅमेऱ्याकडे पाहत हसणारे. कागदोपत्री सूचना पाळली गेली. म्हणून चित्रसूचनेत चार गोष्टी लिहाव्यात: कोण कुठे बसले आहे, प्रत्येकाच्या हातात काय आहे, नजर कुठे आहे, आणि काम किती झालेले दिसते. 'बाबा खाली मांडी घालून, समोर निवडलेल्या मेथीचा ढीग, नजर पानांवर. आई पलीकडे वही तपासते आहे' असे लिहिले की चित्र आपोआप खरे होते. बाबा हसत नसतील तर उत्तमच. काम करणारा माणूस कामाकडे पाहतो.

शरीराचेही असेच. नायक रुंद छातीचा, जाड मुलगा विनोदासाठी, चष्मेवाला हुशार आणि खेळात कच्चा. कबड्डीच्या चित्रात एखादा काटकुळा मुलगा पकड करताना दाखवायला काहीच खर्च येत नाही. कुबडी घेतलेला बाप, पांढरी काठी घेतलेला शिक्षक, मुलीची वेणी घालणारा आजोबा ही चित्रे मजकुरात उल्लेख नसतानाही येऊ शकतात. उलट उल्लेख न करता आली तर जास्त बरे.

'कर्ता पुरुष' ही कल्पना पुस्तकात सर्वांत खोल रुतलेली आहे. बाबा कमावतात, आई घर सांभाळते. महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांच्या घरी हे खरे नाही आणि कधीच नव्हते. ऊसतोडीच्या धंद्यात 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांनी मिळून एक कोयता होतो, एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर. म्हणजे मजुरीचे माप धरतानाच बाईचे कष्ट गृहीत धरलेले आहेत, पैसे मात्र बहुधा पुरुषाच्या हातात पडतात. बीडच्या मुलाला हे पाठ आहे. त्याच्या पुस्तकातल्या बाबांना ऑफिसची बॅग असते तेव्हा त्याला आपले घर चुकीचे वाटते. सहावी-सातवीच्या माहितीपर पाठात ऊसतोडीचा एक दिवस यावा, पहाटे तीनला भाकरी कोण थापते आणि मोळ्या गाडीवर कोण चढवते इथपासून.

त्याच जोडीला 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणातला एक छोटा तक्ता द्यावा. घरातल्या बिनपगारी कामात दिवसभरात भाग घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण 26.1 टक्के, स्त्रियांचे 81.2 टक्के, भाग घेणाऱ्यांनी दिलेला वेळ पुरुषांचा 97 मिनिटे, स्त्रियांचा 299. तक्त्याचे वाचन, त्यावर परिच्छेद लिहिणे ही भाषेचीच कौशल्ये आहेत. फक्त एक काळजी घ्या. 'तुमच्या घरात कोण काय करते ते लिहा' असा प्रश्न देऊ नका. ज्या मुलाचे वडील वारले आहेत, गेले आहेत, दारू पितात, तो अडकतो. आणि बाकीची मुले शिक्षकाला आवडेल असे खोटे लिहितात. त्याऐवजी एक कल्पित घर द्या, त्यातली पाच माणसे आणि सकाळी सहा ते रात्री दहा ही कामांची यादी द्या, आणि मुलांना कामे वाटायला सांगा. मग दोन बाकांनी आपापली वाटणी एकमेकांना समजावून द्यायची. घर उघडे पडत नाही आणि चर्चा खरी होते.

कर्तेपणाच्या ओझ्याची दुसरी बाजू बोलायला अवघड आहे, पण टाळता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत शंभरात सुमारे बहात्तर पुरुष आहेत. सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात, 22,746. शेतकरी कुटुंबाच्या कोंडीवर मराठीत थोर लेखन झाले आहे. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधला शिकलेला, नोकरी न मिळालेला, शेतीत अडकलेला एकनाथ अकरावी-बारावीच्या मुलांना आपला वाटेल. मात्र अशा वेच्यांत कृतीचे वर्णन येऊ देऊ नका, 'कर्जाला कंटाळून' असे एकच कारण चिकटवू नका, मरणाला त्यागाचे वलय देऊ नका. त्या माणसाने कुणाजवळ बोलायचा प्रयत्न केला, कुणी ऐकले नाही, कुठे ऐकले जाऊ शकले असते, यावर प्रश्न असावेत. पाठाच्या शेवटी टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक ठळक छापावा. ही चोवीस तास चालणारी विनामूल्य सरकारी सेवा आहे.

वरच्या इयत्तांसाठी दोन जोड्या सुचवतो. पहिली रंगभूमीची. बालगंधर्वांनी स्त्री-भूमिका केल्या. घरंदाज स्त्रियांनी त्यांच्या लुगड्याची, दागिन्यांची तऱ्हा उचलली. 1964 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. तमाशातल्या नाच्याने बाईसारखे हातवारे केले आणि त्याला आयुष्यभर हेटाळणी मिळाली. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला गुणा पहिलवानी अंगाचा, तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो, आणि गाव त्याचा पुरुषपणाच काढून घेते. एकाच प्रकारचा अभिनय एका ठिकाणी कला आणि दुसऱ्या ठिकाणी कलंक का ठरला? प्रेक्षागृहात कोण बसले होते, तंबूत कोण, कलावंताची जात कोणती, तिकीट किती, हे मुलांना शोधू द्या. पुरुषपणाचा मान जातीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे वाटला जातो हे त्यांना न सांगता कळेल.

दुसरी जोडी: बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 1882 मधला 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध आणि त्यांची बाजू घेणारे जोतीराव फुल्यांचे 'सत्सार'मधले लेखन. बायकांवर जे दोष लादले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असे ताराबाई एकेक दोष घेऊन विचारतात. त्यांची भाषा तिखट, बोलीच्या अंगाने जाणारी आणि वर्गात मोठ्याने वाचायला फार चांगली आहे. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशित करेपर्यंत हा निबंध जवळजवळ विस्मृतीत गेला होता. त्याचे चार परिच्छेद आणि फुल्यांचा एक, एवढे पुरे. एका पुरुषाने हे ऐकून काय केले, तेही मुलग्यांना दिसेल.

वाक्प्रचारांच्या यादीबद्दल थोडक्यात. 'बांगड्या भरणे' यासारखे वाक्प्रचार व्याकरण विभागात अर्थासह येतात. ते गाळून उपयोग नाही, मुले ते रस्त्यावर ऐकतातच. अर्थ द्या, पण 'वाक्यात उपयोग करा' या यादीत घालू नका. वापरायला लावणे आणि समजून देणे यांत फरक आहे.

शिक्षकांसाठी दोन सूचना हस्तपुस्तिकेत याव्यात. नाट्यवाचनात भूमिका हजेरी क्रमांकाने वाटू नका, कारण पुष्कळ शाळांत हजेरीपटावर आधी सगळे मुलगे आणि मग सगळ्या मुली असतात. बाकाप्रमाणे वाटा आणि प्रत्येक प्रवेशाला बदला. मुलाने आईचे संवाद वाचायला घेतले की वर्ग हसतो. तेव्हा वाचन थांबवून वर्गाला रागावू नका, कारण मग तो मुलगा साऱ्या वर्गाच्या नजरेत येतो. वाचन पुढे चालू ठेवा, दुसरा मुलगा तीच भूमिका पुढे वाचेल असे आधीच ठरवून ठेवा. तिसऱ्या वाचकापर्यंत हसणे ओसरते.

मुंबईतल्या 45 महापालिका शाळांत 2008 पासून सहावी-सातवीच्या मुलांबरोबर 'जेम्स' हा स्त्री-पुरुष समानतेविषयीचा उपक्रम अभ्यासला गेला. आयसीआरडब्ल्यू ही स्त्रियांविषयी संशोधन करणारी संस्था, कोरो ही स्वयंसेवी संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी तो चालवला. काही शाळांत वर्गचर्चा आणि शाळाभर मोहीम दोन्ही, काहींत फक्त मोहीम, आणि काहींत तुलनेसाठी दोन्ही नाही, अशी त्याची मांडणी होती. जिथे वर्गात बोलणे झाले तिथे मुलांच्या धारणांत जास्त बदल दिसला. फलक, घोषणा, प्रभातफेरी यांपेक्षा पाठावरचा एक मोकळा तास जास्त काम करतो. म्हणून प्रत्येक पुस्तकात किमान तीन पाठ असे ठेवा, की ज्यांच्यासाठी स्वाध्यायाच्या आधी एक तासिका केवळ बोलण्यासाठी राखलेली असेल, आणि ती वार्षिक नियोजनात छापलेली असेल. नियोजनात नसलेली तासिका होत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

शेवटी कामाच्या क्रमाबद्दल. पाच रकान्यांचा तक्ता हस्तलिखित मंजूर होण्याआधी भरला गेला पाहिजे, छपाईच्या तोंडावर नव्हे. तेव्हा पाठ बदलता येत नाही, फक्त चित्रातली साडी शर्टमध्ये बदलता येते. स्वाध्याय लिहिणाऱ्यांनी मूळ पुस्तक पूर्ण वाचलेले असावे, निव्वळ वेचा नव्हे, आणि त्यासाठी त्यांना पुस्तक आणि पंधरा दिवस मिळावेत. भरलेले तक्ते समितीने संकेतस्थळावर ठेवावेत, म्हणजे पुढच्या समितीला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. यासाठी लागणारे नमुना-तक्ते, चित्रसूचनांचे नमुने आणि वर सुचवलेल्या उताऱ्यांवरचे स्वाध्याय आम्ही विनामूल्य तयार करून देऊ, आणि समितीने बोलावले तर शिक्षकांच्या प्रशिक्षणात ते वापरूनही दाखवू.

कळावे, लोभ असावा.

आपले,
शालेय मराठी शिकवणारे आणि संपादणारे काही जण